गाडी आणि तिचा अर्थ : नगर जिल्ह्यातील एका सामाजिक चिन्हाची चिकित्सा

१

माणसाच्या मालकीच्या वस्तूंवरून त्याच्या संपत्तीचा, दर्जाचा आणि जीवनमूल्यांचा अंदाज बांधण्याची रीत फार जुनी आहे. घर, दागिने, वस्त्रे आणि वाहन ही त्या अंदाजाची प्रमुख साधने होत. त्यांपैकी घर जागचे हलत नाही आणि दागिने बहुधा पेटीत राहतात. वाहन मात्र आपल्या मालकाला घेऊन चारचौघांसमोरून जाते. त्यामुळे ते इतर वस्तूंपेक्षा अधिक बोलके मानले जाते. हे बोलणे नेमके कोणते, आणि ते कोण कसे ऐकतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पाश्चात्त्य समाजचिंतनात या विषयाची चर्चा पुष्कळ झाली आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनात प्रतिष्ठेसाठी मुद्दाम केलेल्या उधळपट्टीची उपपत्ती मांडली. रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या आपल्या निबंधसंग्रहात मोटारीची तुलना मध्ययुगीन गॉथिक प्रार्थनामंदिरांशी केली, तर पिएर बूर्द्यू यांनी १९७९ मध्ये अभिरुची ही वर्गभेदाची खूण कशी ठरते हे दाखविले. या तिन्ही विवेचनांचे मोल निर्विवाद आहे. तथापि त्यांच्या आधारे आपल्याकडे जे लेखन होते, त्यात बहुधा एक गृहीत न तपासता स्वीकारले जाते. ते असे की, गाडीचा मालक हा बोलणारा आणि पाहणारे लोक हे निमूट ऐकणारे. मालक गाडी निवडतो, त्या निवडीतून आपली श्रीमंती जाहीर करतो आणि लोक दिपून जातात, एवढेच चित्र त्यातून उभे राहते. हे चित्र अपुरे आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हे मत तपासून पाहण्यासाठी अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर, जिल्ह्याची निवड केली आहे. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या उत्तर भागात प्रवरा व गोदावरी यांच्या कालव्यांखालचा ऊस आहे, तर दक्षिण भागात वारंवार पडणारे अवर्षण. वाहनांच्या नोंदणीतही ही दुफळी उमटलेली दिसते. नगरच्या कार्यालयाचा क्रमांक एमएच-१६ आणि श्रीरामपूरचा एमएच-१७ असल्यामुळे, आलेली गाडी जिल्ह्याच्या कोणत्या अंगाची आहे याचा अंदाज जाणत्याला पाटीवरूनच येतो. याच जिल्ह्यात सर्वसामान्यांची ‘लुना’ जन्मली आणि याच जिल्ह्यात, नगरजवळच्या वाहननगर येथे, संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था गाड्यांची कसोटी घेते. त्या संस्थेत गाडीचे यंत्र तपासले जाते. गावात गाडीचा अर्थ तपासला जातो. आपला संबंध या दुसऱ्या कसोटीशी आहे.

२

भारतीय काव्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या आहेत: अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. वस्तू म्हणजे शब्द नव्हे, ही शंका येथे रास्तपणे घेता येईल. परंतु अनेक वस्तूंमधून एक निवडली जाते आणि ती निवड इतरांच्या दृष्टीस पडते, तेव्हा त्या वस्तूस अर्थ प्राप्त होतो. म्हणून ही परिभाषा येथे लावून पाहण्यास हरकत नसावी.

अभिधेने गाडी म्हणजे माणसे वा माल वाहून नेणारे साधन. लक्षणेने गाडी म्हणजे ऐपत. लक्षणेला मुख्यार्थाचा बाध आवश्यक असतो. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटले असता प्रवाहावर वाडा असणे अशक्य, म्हणून आपण ‘गंगेच्या काठी’ असा अर्थ घेतो. त्याचप्रमाणे डोंगरदऱ्यांसाठी बनविलेली सात आसनांची उंच गाडी सपाट डांबरी रस्त्यावरून एकटा माणूस नेऊ लागला की गरजेचा अर्थ बाधित होतो आणि ‘ऐपत’ हा अर्थ पुढे येतो. व्हेब्लेन यांची उपपत्ती वस्तुतः हीच आहे.

परंतु नगर जिल्ह्यातील पुढाऱ्याच्या गाडीला ही उपपत्ती लावू गेल्यास अडचण उभी राहते. ती गाडी रिकामी नसते. पूर्वी जीप, नंतर २००२ साली बाजारात आलेली नाशिकची स्कॉर्पिओ आणि अलीकडे फॉर्च्युनर, या गाड्यांतील आसने बहुधा भरलेलीच दिसतात. लग्ने, दहावे, कारखान्याची वार्षिक सभा, बाजार समितीची निवडणूक अशा प्रत्येक ठिकाणी ती माणसे घेऊन जाते. म्हणजे मुख्यार्थाचा बाध येथे होतच नाही. सात आसनांची गरज खरीच असते. मग गाडीचा सामाजिक अर्थ कोठे राहतो? तो आसनांच्या क्रमात राहतो. चालकाशेजारी कोण बसला, मागे कोणाला दाटीवाटीने बसावे लागले, रस्त्यात कोणाला पाहून गाडी थांबली आणि त्याला जागा देण्यासाठी कोण उतरला, या गोष्टी पारावर बसलेला माणूस क्षणात टिपतो. काल पुढच्या आसनावर असलेला आज मागे दिसला, तर तालुक्याच्या राजकारणात काय घडले हे त्याला वर्तमानपत्र न वाचता कळते.

हा अर्थ व्यंजनेचा आहे. व्यंग्यार्थ हा वक्ता, बोद्धा, प्रकरण, देश, काल यांनुसार पालटतो, असे मम्मटाने सांगितले आहे. सूर्य मावळला एवढेच विधान गुराख्याला, चोराला आणि प्रियकराच्या भेटीस निघालेल्या स्त्रीला वेगवेगळे अर्थ सुचविते, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. गाडीचेही तसेच आहे. तिचा अर्थ मालक एकटा ठरवीत नाही. तो पाहणाऱ्याच्या ठिकाणी पूर्ण होतो.

३

ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. मराठेशाहीत पालखी ही केवळ पैसा असल्याने वापरता येत नसे. पालखीचा मान राज्याकडून मिळावा लागे आणि तिच्या खर्चाची नेमणूकही त्यासोबत करून दिली जाई. अर्थात पालखी श्रीमंती सांगत नसून राज्याशी असलेले नाते सांगत असे. बाजारात मोटार विकत मिळू लागल्यानंतर वाहन ही क्रयवस्तू झाली. परंतु तिच्याकडे ‘मान’ म्हणून पाहण्याची सवय मात्र मोडली नाही. मंत्र्यांच्या गाडीवरील लाल दिव्याविषयी जे आकर्षण होते ते याच सवयीचे द्योतक होय. दिवा विकत घेण्याची वस्तू नव्हती. तो राज्याने दिलेला होता. १ मे २०१७ पासून तो बंद झाला, तेव्हा पालखीच्या मानाचा एक दीर्घ अध्याय संपला असे म्हणता येईल.

मानाचे वाहन नाकारणे हेदेखील चिन्हच असते. साईबाबांना चावडीकडे नेण्यासाठी भक्तांनी पालखी आणली, पण बाबा तीत कधी बसले नाहीत, पायीच चालत गेले, अशी शिर्डीची परंपरा आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे १९६० साली लष्करात वाहनचालक म्हणून भरती झाले आणि पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर गावी परतून मंदिरात राहू लागले. त्यांच्या शब्दाला गावात जे वजन आले, त्यात या अपरिग्रहाचा वाटा मोठा आहे. अर्थात नकारालाही पाहणारा लागतो. यात एक धोका संभवतो: साधेपणाला मान मिळू लागला की साधेपणाचेही प्रदर्शन सुरू होते. पांढऱ्या अँबॅसेडरचे उदाहरण या दृष्टीने बोधक आहे. १९५७ च्या सुमारास निघालेली आणि २०१४ पर्यंत तयार होत राहिलेली ही गाडी दिसायला साधी, बोजड आणि खादीला शोभेल अशी होती. परंतु तिच्याइतका सत्तेचा दरारा दुसऱ्या कोणत्याही देशी गाडीला लाभला नाही.

वाहन आणि प्रतिष्ठा यांच्या संबंधावरील मराठीतील सर्वांत मार्मिक कथा या जिल्ह्याशी दोन बाजूंनी निगडित आहे. ज्ञानेश्वरी नेवाशास सिद्ध झाली आणि चांगदेवांची समाधी गोदाकाठी पुणतांब्यास आहे. चांगदेव वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन, शिष्यपरिवारासह ज्ञानदेवांच्या भेटीस गेले आणि ज्ञानदेव भावंडांसह बसल्या भिंतीवरून त्यांना सामोरे गेले, ही ती कथा. सचेतनावर चालणाऱ्या सत्तेपेक्षा अचेतनाला चालविणारे सामर्थ्य थोर, असा तिचा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक मर्म आहे. चांगदेवांनी वाहन निवडले होते; पाहणारा दिपावा या हेतूने निवडले होते. ज्ञानदेवांनी काहीच निवडले नाही. जे अंगाखाली होते तेच निघाले. ज्या क्षणी पाहणारा दिपला नाही, त्या क्षणी वाघ हा केवळ वाघ उरला. वाहनाचा अर्थ स्वाराच्या स्वाधीन नसतो, हे या कथेइतके नेमके क्वचितच कोणी सांगितले असेल.

४

आता आधुनिक काळाकडे वळू. १९५० साली लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचा त्यातील पुढाकार सर्वश्रुत आहे. त्यापूर्वी हरेगाव, टिळकनगर येथे खाजगी भांडवलाचे कारखाने होते. त्यांच्या मालकाची गाडी ही मालकाची होती. तिच्याविषयी शेतकऱ्याला हेवा वाटू शकत होता, पण हिशेब विचारता येत नव्हता. सहकाराने येथे मूलभूत फरक केला. अध्यक्षाची गाडी ही आता संस्थेची, म्हणजे तत्त्वतः प्रत्येक सभासदाची झाली. तिच्या इंधनात आपल्या उसाचा अंश आहे हे सभासदाला ठाऊक असते. म्हणून कारखान्याच्या गाडीविषयी गावातला पहिला प्रश्न ‘केवढ्याची?’ हा नसून ‘कोणाच्या पैशाने?’ हा असतो. हीच गाडी सभासदाच्या मुलाला अपरात्री दवाखान्यात पोहोचविते तेव्हा ती ‘आपली’ ठरते. आणि उसाचे पैसे थकलेले असताना नवी दिसते तेव्हा तीच आरोप ठरते. पत्रा तोच, चाके तीच. प्रकरण पालटले की अर्थ पालटतो.

जब्बार पटेल दिग्दर्शित, विजय तेंडुलकरलिखित ‘सामना’ (१९७५) या चित्रपटाचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. त्याचे निर्माते रामदास फुटाणे याच जिल्ह्यातील जामखेडचे. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील यांच्या वैभवाची सर्व चिन्हे चित्रपटात आरंभापासून आहेत आणि ती शेवटपर्यंत जवळजवळ तशीच राहतात. एक दारुडा मास्तर एका बेपत्ता माणसाविषयी प्रश्न विचारीत राहतो, आणि त्या प्रश्नामुळे त्याच चिन्हांचा अर्थ प्रेक्षकाच्या मनात उलटा होतो. वैभवात उणे काही झालेले नसते. त्याचा वाचक बदललेला असतो.

त्याच कारखान्याच्या फाटकातून दुसरे एक वाहन आत जाते, आणि त्याविषयी आपल्या लेखनात फारच थोडे आढळते. ते म्हणजे ऊसतोडणी कामगाराची टायरगाडी. पाथर्डी, जामखेड यांसारखे दक्षिणेचे तालुके आणि शेजारचा बीड जिल्हा येथून दर हंगामात नवराबायकोच्या जोड्या, तोडणीच्या भाषेत ‘कोयते’, उचल घेऊन कारखान्यावर येतात. बैल त्यांचे असतात. रबरी चाकांची गाडी मात्र पुष्कळदा भाड्याची असते. ही गाडी कामगाराने निवडलेली नाही. तिच्यावरून त्याची अभिरुची वा त्याची मूल्ये यांविषयी काहीही अनुमान काढता येणार नाही. निवडीतून माणूस कळतो, हे तत्त्व ज्याला निवड आहे त्याच्यापुरतेच खरे असते. ज्याला ती नाही, त्याच्या वाहनातून त्याची परिस्थिती कळते, माणूस नव्हे. पाश्चात्त्य उपपत्ती उसन्या घेताना हा भेद नजरेआड होऊ देता कामा नये.

या दोन टोकांमध्ये लुना येते. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली नगरला तिचे उत्पादन सुरू केले. सुमारे ५० सीसीचे यंत्र, पायाने मारावयाचे पेडल आणि सायकलीहून थोडाच अधिक डौल. फिरोदिया घराण्याने १९५८ साली बजाज टेम्पो स्थापून एका जर्मन कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम करून टाकले होतेच. लुनाही तशीच बोलीत रुजली. शिक्षक, दूध घालणारा, पोस्टमन, विमा प्रतिनिधी अशांनी ती वापरली. लुनावरून जाणाऱ्या शिक्षकाचा मान तिच्यामुळे उणावला नाही. याच्या उलट, २००९ साली एक लाखाची मोटार म्हणून गाजावाजाने आलेली नॅनो २०१८ पर्यंत थंडावली. दोन्ही वाहने स्वस्त. मग फलित भिन्न का? लुनाची तुलना सायकलीशी होत होती, म्हणून ती घेणारा एक पायरी चढलेला दिसे. नॅनोची तुलना इतर मोटारींशी झाली, म्हणून ती घेणारा सर्वांत खालच्या पायरीवर दिसू लागला. स्वस्ताई हा वस्तूचा गुण राहिला नाही. पाहणाऱ्याने तिला मालकाचा गुण बनविले.

५

पाहणाऱ्याच्या या सामर्थ्याची जाणीव मालकाला पुरेपूर असते, याचा पुरावा खुद्द गाडीच्या अंगावर सापडतो. नव्या गाडीच्या काचेवर ‘आईवडिलांचा आशीर्वाद’ किंवा ‘साईकृपा’ अशी अक्षरे असतात. वरवर पाहता ही श्रद्धा आहे, आणि ती खरीही असेल. परंतु त्याच वेळी तो एक खुलासाही आहे. ‘हे मी माझ्या गर्वाने मिळविलेले नाही’ असे मालक न विचारताच सांगतो, कारण तसा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येणार हे तो ओळखून असतो. गाडीला बांधलेले लिंबू-मिरची आणि काळी बाहुली यांचा अर्थही असाच आहे. ‘दृष्ट लागणे’ ही कल्पना अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारता येईल. पण पाहण्याने पाहिलेल्या वस्तूत फरक पडतो, हे तिच्यातील गृहीत समाजशास्त्रदृष्ट्या विचारात घेण्याजोगे आहे.

याच्या नेमकी विरुद्ध वृत्ती क्रमांकाच्या पाटीवर दिसते. ४१४१ हा क्रमांक जादा शुल्क भरून घ्यावयाचा आणि आकडे असे वळवून रंगवावयाचे की त्यांतून ‘दादा’ हा शब्द वाचला जावा, ही महाराष्ट्रभर पसरलेली हौस लिपीच्या अभ्यासकालाही मनोरंजक वाटेल. शासनाने ओळख पटविण्यासाठी दिलेला आकडा येथे मालकाने स्वतःला बहाल केलेली पदवी होतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना ठरावीक साच्याची सुरक्षा पाटी सक्तीची झाल्यामुळे या कलेस उतरती कळा लागली आहे. एकाच गाडीच्या पुढे ‘दादा’ आणि मागे ‘आईवडिलांचा आशीर्वाद’ असू शकतो. त्यात दांभिकताच पाहिली पाहिजे असे नाही. वर चढू पाहणाऱ्या आणि त्याच वेळी गावाच्या नजरेला भिणाऱ्या मनाची ती दोन्ही बोलणी खरी आहेत.

६

येथवरची चर्चा केवळ रसिकतेची वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. गाडीचा अर्थ लावणारा एक वाचक असा आहे की ज्याच्या वाचनावर घरातील धान्य आणि डोक्यावरचे छप्पर अवलंबून असते. तो वाचक म्हणजे शासन.

१९९९ साली महाराष्ट्रात तिरंगी शिधापत्रिकांची योजना आली, तेव्हा केशरी पत्रिकेसाठी कुटुंबात चारचाकी यांत्रिक वाहन नसावे अशी अट होती. मात्र टॅक्सी वगळली होती. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेत दुचाकी असलेले ग्रामीण कुटुंबही वंचितांच्या यादीतून आपोआप वगळले गेले आणि पुढे पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण विभागात तोच निकष राहिला. २०२४ मध्ये दुचाकीची अट काढून टाकण्यात आली. त्याच वर्षी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत, ज्या कुटुंबाच्या नावे चारचाकी आहे तेथील स्त्री दरमहा १५०० रुपयांस अपात्र ठरली. मात्र ट्रॅक्टर वगळला होता.

हे नियम साहित्याच्या विद्यार्थ्याने बारकाईने वाचावेत असे आहेत. शासन लक्षणेने वाचते: गाडी म्हणजे ऐपत. परंतु प्रत्येक नियमाला एक अपवाद जोडावा लागलेला दिसतो. टॅक्सी वगळावी लागली, म्हणजे पोटासाठी चालविलेली मोटार आणि मिरविण्यासाठी घेतलेली मोटार एक नव्हे, हे मान्य झाले. तेथे प्रकरण आले. ट्रॅक्टर वगळावा लागला, म्हणजे शेतात चाललेल्या चार चाकांचा अर्थ निराळा. तेथे देश आला. २०११ साली सधनतेची खूण ठरलेली दुचाकी २०२४ मध्ये तशी उरली नाही. तेथे काल आला. म्हणजे व्यंजनेचे नियामक घटक शासनालाही टाळता आले नाहीत. ते अपवादाच्या रूपाने मागल्या दाराने आत आले. परंतु बोद्धा मात्र कार्यालयात बसलेलाच राहिला. पाथर्डीकडील एखाद्या तरुणाने कर्ज काढून जुनी जीप घेतली, तिच्यावर भाडी मारली, अवर्षणात हप्ते थकले आणि जीप घरापुढे उभी राहिली, तर कागदावर ते घर सधन ठरते. त्याच घराविषयी गावाला विचारा. ती गाडी म्हणजे संपत्ती नसून देणे आहे हे शेजारचे लहान मूलही सांगेल. वाहनांच्या संख्येवरून समृद्धीचा निर्देशांक काढणाऱ्या आपल्या प्रबंधांतही हाच दोष राहतो.

७

गाव हा अधिक जाणता वाचक आहे असे आतापर्यंत प्रतिपादन केले. तथापि जाणता वाचक हा न्यायी असतोच असे नाही, हे सांगितल्याशिवाय ही चिकित्सा पुरी होणार नाही.

लग्नाच्या मांडवाच्या दाराशी फुलांनी सजविलेली नवी मोटार उभी असते. ती कोणाच्या पैशाने आली हे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. मुलीच्या बापाने त्यासाठी कोणते शेत गहाण ठेवले हेही काहींना ठाऊक असते. हुंडा घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे तर सर्वांनाच ठाऊक असते. येथे अर्थग्रहणात कोठेही उणीव नाही. तरीही ती गाडी पाहून वराकडील मंडळींचा मान वाढतो, आणि साधे लग्न करणाऱ्यास ‘काहीच दिले नाही’ असे ऐकून घ्यावे लागते. कारखान्याच्या गाडीपुढे ‘कोणाच्या पैशाने?’ असे विचारणारा समाज मांडवाच्या दाराशी हा प्रश्न गिळून टाकतो. कारण तेथे विचारणाऱ्याच्या घरीही उद्या मांडव पडणार असतो, आणि तो कधी देणाऱ्याच्या तर कधी घेणाऱ्याच्या बाजूला उभा राहणार असतो. समाजाची मूल्ये मालकाने कोणती गाडी घेतली यापेक्षा, ती पाहून लोकांनी कोणता प्रश्न विचारला आणि कोणता विचारला नाही, यातून अधिक स्पष्ट होतात.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, गाडीवरून संपत्तीचे अनुमान दुर्बळ, दर्जाचे अनुमान त्याहून बरे, आणि मूल्यांचे अनुमान करावयाचे झाल्यास ते मालकापुरते न ठेवता पाहणाऱ्यांसह केले पाहिजे. या विषयावर यापुढे काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी गाड्यांची नोंद घेताना किमतीच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आखावेत: ती कोणाच्या पैशाने आली, तीत कोण कोठे बसते, आणि ती पाहून लोक काय विचारतात. शेवटचा रकाना भरणे सर्वांत कठीण जाईल. परंतु तो रिकामा ठेवून बाकीचे रकाने कितीही काळजीपूर्वक भरले, तरी हाती येईल ती गाड्यांची मोजदाद, माणसांची नव्हे.